ज्या कामासाठी दिले, त्याच कामासाठी

ऑक्टोबर उजाडला की पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीला वेग येतो. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या गावांत घरामागच्या दोन-तीन खोल्यांना रंग लागतो, गाद्या उन्हात पडतात आणि पुढचे पाच-सहा महिने घराचा बराचसा खर्च त्या खोल्यांच्या भाड्यावर निघतो. पाहुणा आला की त्याचे ओळखपत्र मागायचे, हा नियम. पूर्वी त्यासाठी एक जाड वही असायची. नाव, गाव, कुठून आला, कुठे जाणार, सही. वही आजही असते, पण खरे काम फोनवर उरकते. “आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका,” एवढे म्हटले की झाले.

मे महिन्यात हंगाम संपतो तोवर त्या फोनमध्ये परक्या माणसांच्या आधारकार्डांची आणि पासपोर्टांची थप्पी जमलेली असते. घरातल्या बारशाचे फोटो, देवळातल्या पालखीचे व्हिडिओ, आणि त्यांच्या अधेमधे कुणा इंदूरच्या, पुण्याच्या, मॉस्कोच्या माणसाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, क्रमांक. फोन या सगळ्याची नक्कल आपोआप गूगलच्या खात्यात चढवत असतो. तोच फोन धाकट्याच्या हातात खेळायला जातो, काच फुटली की कुलूप उघडून दुरुस्तीवाल्याकडे दिला जातो, आणि नवा घेताना जुना बदलीत निघून जातो. यात कुणाच्याही मनात पाप नसते. माहिती बाहेर पडते ती बहुतेक वेळा अशीच, चांगल्या माणसांच्या हातून, काम उरकल्यानंतरच्या दुर्लक्षातून.

खोली देणाऱ्यावर कायद्याची जबाबदारी आहे, ती टाळता येत नाही. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत ठरलेला फॉर्म भरून त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. ते झालेच पाहिजे. पण फॉर्म भरून झाल्यावर त्या पासपोर्टचा फोटो फोनच्या गॅलरीत तीन वर्षे पडून राहण्याचे कारण काय? भारतीय पाहुण्याला तर आधारच दे, असा आग्रह धरण्याचीही गरज नसते. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, यांतले काहीही चालते. आणि आधारच द्यायचे असेल तर त्याचे झाकलेले रूप आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कुणालाही फुकट उतरवता येते. त्याला मास्क्ड आधार म्हणतात. त्यात पहिले आठ आकडे दिसत नाहीत, फक्त शेवटचे चार दिसतात. फोटो तोच, नाव तेच. खोली भाड्याने देण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही.

मे २०२२ मध्ये या विषयावर दोन दिवस मोठा गोंधळ झाला होता. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाने २७ मे रोजी सूचना काढली की आधारची छायाप्रत कुणाही संस्थेला देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. हॉटेले आणि चित्रपटगृहे यांना परवान्याशिवाय अशा प्रती गोळा करून ठेवण्याचा अधिकार नाही. तोवर कोट्यवधी लोकांनी आधारच्या प्रती जागोजागी दिलेल्या होत्या. लोक घाबरले. २९ मे रोजी केंद्र सरकारने ती सूचना मागे घेतली. तिचा चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे, लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी, असे सांगितले. सूचना गेली, पण तिने सांगितलेला धोका काही गेला नाही. ‘नेहमीची सावधगिरी’ म्हणजे नेमके काय करायचे, हे कुणी सामान्य माणसाला बसून सांगितले नाही. इथे ते सांगायचे आहे.

त्या सावधगिरीचे सूत्र एकच आहे. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरली जावी, दुसऱ्या कामासाठी हवी असेल तर पुन्हा विचारावे, आणि काम संपले की ती कुणाकडे पडून राहू नये. हे सूत्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ठळकपणे आले ते गोव्यातल्या एका खटल्यामुळे. गोव्यातही तो फार थोड्यांना आठवतो.

वास्कोचा खटला

जानेवारी २०१३ मध्ये वास्को शहरातल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. सारा गोवा हादरून गेला. तपास पुढे सीबीआयकडे गेला. घटनास्थळी बोटांचे काही ठसे मिळाले होते, पण ते कुणाचे हे उलगडत नव्हते. तोवर गोव्यातल्या लाखो लोकांनी आधारसाठी रांगेत उभे राहून दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे नोंदवली होती. सीबीआयने मागणी केली की आधारसाठी गोव्यात नोंद झालेल्या सर्वांची ही माहिती आम्हांला द्या, आम्ही ठसे ताडून पाहतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये वास्कोच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती देण्याचा आदेश दिला. आधार प्राधिकरण त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये खंडपीठाने केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाकडून आधी हे तपासून घ्यायला सांगितले की असे ताडून पाहणे तंत्राच्या दृष्टीने शक्य तरी आहे का. प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

सीबीआयची मागणी समजण्यासारखी होती. त्या मुलीच्या आईबापांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर कुणीही म्हणेल, घ्या माझे ठसे, पण त्याला शोधा. या बाजूचे वजन कमी लेखून पुढे जाता येणार नाही. तरीही मला वाटते, प्राधिकरणाने केलेला विरोध बरोबर होता, आणि त्याचे कारण भावनेत नसून ठशांच्या गणितात आहे.

आधारचे यंत्र दोन कामांसाठी बनलेले आहे. एकाच माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत हे पाहणे, आणि ‘मी अमुक’ म्हणून समोर आलेला माणूस खरोखर तोच आहे का हे पडताळणे. दुसऱ्या कामात एकाचे ठसे एकाशीच ताडले जातात. घटनास्थळी मिळालेला ठसा वेगळा असतो. तो अर्धवट, पुसट, घसरलेला असतो, बहुधा एखाद्याच बोटाचा. असा ठसा लाखो लोकांच्या ठशांशी ताडायला घेतला की योगायोगाने जुळणारेही पुष्कळ निघतात. समजा यंत्र दहा हजारांत एकदाच चुकते. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख होती. म्हणजे एका ठशाला १४५ निरपराध माणसे जुळली. त्यांतला एखादा पेडण्याचा गाडीवाला, एखादी डिचोलीची परिचारिका. एका भयंकर गुन्ह्यात आपण नव्हतो हे त्यांनी सिद्ध करत बसायचे, गावात तोंड दाखवायचे, आणि हे सारे कशामुळे? तर त्यांनी सबसिडीसाठी बोटे टेकवली म्हणून. लाखो निरपराध लोक संशयाच्या फेऱ्यात येतील, असे प्राधिकरणाने न्यायालयापुढे मांडले ते याच अर्थाने. लोकांनी ही माहिती स्वखुशीने, एका विशिष्ट कामासाठी दिली आहे, गुन्हेगारांच्या नोंदवहीसारखा तिचा वापर करणे त्या विश्वासाला धरून नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता.

२४ मार्च २०१४ रोजी न्यायमूर्ती बी. एस. चौहान आणि न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांच्या पीठाने अंतरिम आदेश दिला की आधार क्रमांक मिळालेल्या कुणाचीही जैविक माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या कोणत्याही यंत्रणेला देऊ नये. पुढे २०१६ चा आधार कायदा आला. त्याच्या २९ व्या कलमात बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद कोणत्याही कारणासाठी कुणालाही देता येणार नाही, आणि आधार क्रमांक तयार करणे व ओळख पडताळणे यांपलीकडे ती वापरता येणार नाही, असे लिहिले गेले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, घटनेच्या २१ व्या कलमातल्या जीविताच्या हक्काचाच तो भाग आहे.

सरकारी भांडारातल्या ठशांचे असे रक्षण झाले. पण आपल्या बोटांचे ठसे तिथेच आहेत असे थोडेच आहे?

खरेदीखतावरचा अंगठा

मोपाचा विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. त्याच्या आधीपासूनच पेडण्यात जमिनीचे व्यवहार वाढले होते, नंतर तर त्यांना ऊत आला. ज्या भरडाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते त्याचे एक-चौदाचे उतारे आता दलालांच्या फोनमध्ये फिरतात. उताऱ्यांचे ठीक आहे, ती नोंद सार्वजनिकच आहे. पण त्यांच्याबरोबर जुन्या खरेदीखतांच्या प्रतीही फिरतात, आणि तिथे लक्ष द्यायला हवे.

एखादे खरेदीखत घेऊन नीट पाहा. नोंदणी कायद्यात २००१ मध्ये ३२-अ हे कलम घातले गेले, तेव्हापासून स्थावर मालमत्तेच्या हस्तांतराच्या दस्तावर दोन्ही पक्षांचे फोटो आणि बोटांचे ठसे असावेच लागतात. त्याच दस्तात पूर्ण नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, धंदा, राहता पत्ता, पॅन क्रमांक, बरेचदा आधार क्रमांक आणि पानोपानी सही. माणसाची ओळख सिद्ध करायला जे जे लागते ते सगळे एका बाडात, ठशासकट. हे बाड पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवरून ‘भाव काढायला’ दहा जणांकडे जाते.

त्या ठशाचे काय करता येते, हे २०१८ मध्ये तेलंगणात दिसले. तिथल्या एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या दस्तांवरचे ठसे नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवले, त्यांवरून रबरी अंगठे तयार केले आणि विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी दुसऱ्यांच्या नावावर हजारो सिमकार्डे चालू केली. त्याला कुणाच्या बँकेतून पैसे काढायचे नव्हते. पुढे तेच तंत्र ज्यांना पैसे काढायचे होते त्यांनी उचलले. आधारवर चालणारी बँकसेवा खेड्यातल्या माणसासाठी सोयीची म्हणून आली. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा दिला की पैसे हातात. कार्ड नको, पिन नको, फोनवर ओटीपी येत नाही. ज्याच्याकडे क्रमांक आणि ठशाची नक्कल आहे त्यालाही मग काही नको. अशा चोऱ्या अनेक राज्यांत झाल्या आहेत, आणि त्यांत खातेदाराची चूक शोधूनही सापडत नाही. त्याने कुणाला काही सांगितलेले नसते, कुठली लिंक उघडलेली नसते.

यावर उपाय आहे आणि तो दोन मिनिटांचा आहे. आधार प्राधिकरणाच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर किंवा ‘एम-आधार’ ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आहे. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरला की ठसे आणि बुबुळे बंद. त्यानंतर कुणीही, अगदी खुद्द तुम्हीही, कुठे अंगठा टेकवला तरी यंत्र नकार देते. गरज पडली की थोड्या वेळापुरते उघडता येते, मग ते आपोआप पुन्हा बंद होते. ज्यांना आधारवरची बँकसेवा कधीच लागत नाही त्यांनी बँकेत लेखी अर्ज देऊन ती बंद करायला सांगावी. अनेक बँका तसे करतात.

इथे एक अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रेशनच्या दुकानावर अंगठा द्यावा लागतो. ज्या आजींचा आधारशी जोडलेला मोबाइल मुंबईला असलेल्या मुलाकडे आहे, त्यांनी लॉक केले तर तांदूळ आणायच्या दिवशी पंचाईत. अशा घरात आधी आजींच्या हातातला नंबर आधारला जोडून घ्यावा, मग लॉकचा विचार करावा. वडीलधाऱ्यांच्या सगळ्या सेवा मुलाच्या नंबरवर बांधून ठेवणे सोयीचे दिसते, पण त्यामुळे त्यांच्या खात्यातून काय गेले हे त्यांनाच शेवटी कळते.

झेरॉक्सच्या दुकानात

डिचोलीत बुधवारचा बाजार असतो. त्या दिवशी तालुक्याच्या गावांतून माणसे येतात आणि बाजाराबरोबर सरकारी कामेही उरकतात. गृह आधार योजनेचे महिना १५०० रुपये, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे, शिष्यवृत्ती, दाखले. अर्जांना आधार, पासबुक, कधी विवाहाचा, कधी उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती लागतात. म्हणजे झेरॉक्सचे दुकान आले.

आता तिथे मूळ कागद क्वचितच काचेवर ठेवला जातो. भिंतीवर दुकानाचा नंबर लावलेला असतो, त्यावर फोटो पाठवायचा. दुकानदार संगणकावर व्हॉट्सॲप उघडून ठेवतो, फाइल उतरवतो, छापतो, दहा रुपये घेतो. पुढचा माणूस. तुमचे काम झाले, पण फाइल संगणकाच्या ‘डाउनलोड्स’ नावाच्या कप्प्यात राहिली. तिच्या वर आदल्या माणसाची, खाली नंतरच्याची. संगणकावर सगळेच बसतात. सुट्टीत कामाला येणारा मुलगाही, आणि ‘जरा एक मेल बघतो’ म्हणणारे ओळखीचे गिऱ्हाईकही. तुम्ही घरी जाऊन व्हॉट्सॲपवरचा संदेश दोन्हीकडून पुसलात तरी संगणकावर उतरवलेली फाइल पुसली जात नाही. बहुतेकांना वाटते, जाते. जात नाही.

करायचे एवढेच. शक्य असेल तर मूळ कागद न्यावा आणि काचेवर ठेवून प्रत काढावी. फाइल पाठवलीच असेल तर छापून झाल्यावर तिथेच उभे राहून म्हणावे, “माझी फाइल तेवढी काढून टाका, रिसायकल बिनमधूनही.” दुकानदार ओळखीचा असतो, संकोच वाटतो. पण यात त्याच्यावर अविश्वास दाखवला असे होत नाही, उलट त्याच्यावरची जोखीमही कमी होते. आणि प्रत हातात आली की तिच्यावर पेनाने आडवे लिहावे: ‘फक्त गृह आधार अर्जासाठी’, खाली तारीख आणि सही. अक्षरे छापील मजकुरावरून जाऊ द्यावीत, म्हणजे कुणाला कापून किंवा झाकून ती प्रत दुसरीकडे लावता येणार नाही. अशा प्रतीवर कुणी सिमकार्ड काढायला गेला तर ती प्रतच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे पाहण्याची सोय दूरसंचार खात्याने केली आहे. ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपला मोबाइल क्रमांक आणि ओटीपी दिला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. एका माणसाला नऊपर्यंत नंबर घेता येतात, त्यामुळे दोन आपले आणि तिसरा भलत्याचाच, असे असले तरी ते लक्षात येत नाही. न ओळखीचा नंबर दिसला तर तिथल्या तिथे ‘हा माझा नव्हे’ अशी तक्रार करता येते. हे काम आजच करावे, कारण फसवणुकीचे फोन पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावरच्या सिमवरून होतात, आणि पोलीस पहिल्यांदा त्या नावाच्या माणसाच्या दारात येतात.

जत्रेत हरवलेला फोन

पेडण्याची पुनव असो की शिरगावच्या लईराईची जत्रा, गर्दीत फोन जातो. बहुतेकांचा समज असतो की फोनला कुलूप आहे, बोटाशिवाय उघडत नाही, म्हणजे पैसे सुरक्षित. चोर फोन उघडायच्या भानगडीत पडत नाही. तो सिमकार्ड काढतो आणि आपल्या फोनमध्ये घालतो. आता तुमचे ओटीपी त्याला येतात, आणि ओटीपी आले की कितीतरी सेवांचे पासवर्ड नव्याने बनवता येतात.

यासाठी सिमलाच कुलूप घालायचे असते. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ‘सिम लॉक’ किंवा ‘सिम पिन’ सापडते. आधी आपल्या मोबाइल कंपनीचा मूळ पिन कोणता हे विचारून घ्यावे, अंदाजाने टाकू नये. तीनदा चुकले की सिम अडते आणि कंपनीकडून पीयूके क्रमांक घ्यावा लागतो. एकदा आपला पिन बसला की ते सिम कुठल्याही फोनमध्ये घातले तरी आधी पिन मागते. इतका साधा आणि इतका दुर्लक्षित उपाय दुसरा नाही. त्याच्या जोडीला कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणे बंद करावे, नाहीतर ओटीपी वाचायला फोन उघडावाही लागत नाही. फोन गेलाच तर पहिला फोन मोबाइल कंपनीला, सिम बंद करण्यासाठी, दुसरा बँकेला, मग पोलीस तक्रार आणि ‘संचार साथी’वरूनच हरवलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक बंद करणे. तो क्रमांक फोनच्या खोक्यावर असतो. खोके जपून ठेवावे.

व्हॉट्सॲपचे दोन टप्प्यांचे कुलूप आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी या दोन गोष्टी महिन्यातून एकदा पाहाव्यात. त्या यादीत आपण न जोडलेला संगणक दिसला तर तुमचे सारे संदेश तिथे वाचले जात आहेत असे समजावे आणि तिथूनच त्याला बाहेर काढावे. ॲप कोणत्या परवानग्या मागते याकडेही लक्ष असावे. विजेरीच्या ॲपला तुमचे संपर्क कशाला हवेत? झटपट कर्ज देणारी ॲपे लोकांचे संपर्क आणि फोटो उचलून, हप्ता चुकला की नातेवाइकांना घाणेरडे संदेश पाठवत होती. माणसांनी जीव दिले. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपने संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो आणि फाइली यांना हात लावू नये. म्हणून ज्या कर्जाच्या ॲपने संपर्क मागितले ते तिथेच काढून टाकावे.

ज्याला तुमची माहिती आहे, तो तुमचा माणूस नव्हे

गावात आजही एक समज घट्ट आहे. ज्याला आपले नाव, बापाचे नाव, वाडा, बँक ठाऊक आहे तो ओळखीचाच असणार. पिढ्यान्‌पिढ्या तसे होतेही. त्या समजावरच फसवणूक करणाऱ्यांचा सारा धंदा उभा आहे. फोन येतो, पलीकडचा तुमचे पूर्ण नाव घेतो, आधारचे शेवटचे चार आकडे सांगतो, पत्ता सांगतो. मग म्हणतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचे नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, डॉक्टरसुद्धा यात सापडतात, कारण पलीकडच्याकडे असलेली माहिती खरी असते. ती आली कुठून, तर वर सांगितलेल्या थप्प्यांतून आणि कप्प्यांतून.

डिजिटल अटक नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितले. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि चौकशीसाठी पैसे कुठल्या खात्यात ठेवायला कधीच सांगत नाहीत. केंद्रीय गृहखात्याने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये देशातल्या लोकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट.

पैसे गेले तर लाजून घरात बसू नये. १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात, ते वाटेत अडवायचे असतील तर पहिले काही तासच हातात असतात. गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे, पण तक्रार पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या ठाण्यातही देता येते. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक इथे कामी येते. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर सगळे पैसे बँकेने भरून द्यायचे असतात. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत खातेदारावर मर्यादित भार येतो. ओटीपी स्वतः दिला असेल तर खबर देईपर्यंतचे नुकसान आपले, पण खबर दिल्यानंतर एक रुपयाही गेला तर तो बँकेचा. म्हणून तक्रार लेखी द्यावी आणि तिच्यावर वेळ घालून पोच घ्यावी.

लपवायचे काही नसले तरी

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. पेडण्यात तरी तो विचारला जाऊ नये. पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरची मान्यता घ्यावी लागे. पत्रे फोडली जात. कोण कुणाकडे जातो, कुठली वर्तमानपत्रे वाचतो, यावर पोर्तुगीज पोलिसांचे डोळे असत. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच तालुक्यातल्या पत्रादेवीला गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. ज्यांची पत्रे फोडली गेली त्यांतल्या बहुतेकांकडेही लपवण्यासारखे काही नव्हते. आपले पत्र कुणी वाचावे हे आपण ठरवायचे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आज तीच लग्नपत्रिका दुसऱ्या रूपाने दारात येते. अनोळखी नंबरावरून ‘लग्नाला यायचं हं’ असा संदेश आणि खाली एपीके नावाची फाइल. ती उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. पत्रिका कधीही एपीके नसते. चित्र किंवा पीडीएफ सोडून दुसरे काही आले तर उघडू नये, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो.

आणि दुसऱ्याच्या खासगीपणाचेही तेवढेच भान हवे. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याला सूचना काढावी लागली की किनाऱ्यावर ऊन खात पडलेल्या किंवा पोहणाऱ्या अनोळखी माणसांचे फोटो आणि सेल्फी त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. हरमलच्या वाळूवरची परदेशी बाई आणि आपल्या अंगणातली आपली मुलगी, दोघींचा हक्क एकच आहे.

आता कायद्याचे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी घेतो आहोत हे त्यांना साध्या शब्दांत सांगावे लागेल. दिलेली संमती परत घेता येईल. काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याची मागणी करता येईल. वास्कोच्या खटल्यात जे ठशांपुरते सांगितले गेले, ते आता दुकान, दवाखाना, शाळा, बँक, ॲप सगळ्यांना, म्हणजे जो जो डिजिटल स्वरूपात माहिती ठेवतो त्याला लागेल. सरकारी यंत्रणांना या कायद्यात दिलेल्या सवलती फार मोठ्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यांवर बोलत राहिले पाहिजे. पण जे मिळाले आहे ते वापरले नाही तर तेही कागदावर राहील.

त्यातली एक तरतूद आपल्यासाठी खास महत्त्वाची आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कोणत्याही भाषेत वाचायला मिळण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावाच लागणार आहे. त्या यादीत मराठी आहे आणि कोकणीही आहे. वीस पानी इंग्रजी मजकुराखाली ‘आय ॲग्री’वर बोट ठेवण्याची सवय तोवर मोडा, आणि मे २०२७ नंतर जो कोणी तुमची माहिती मागेल त्याच्याकडे ती सूचना मराठीत मागा.